देवासमोर काय गायचं, हे कुणी ठरवायचं?

ज्यांना फक्त हळदीचे भाव पाहिजेत त्यांच्यासाठी ती पोस्ट सकाळीच टाकलीय, खाली जाऊन बघा. ही पोस्ट लांब आहे. विषयही शिरड शहापूरच्या पारावर निघेल असा नाही. ख्रिस्ती लोकांनी चर्चमध्ये काय गावं आणि काय गाऊ नये, यावर मी लिहिणार आहे. मला फॉलो करणाऱ्यांत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. मी स्वतः माळकरी घरातला. (माळ आजोबांनी घातली होती, माझ्या गळ्यात टिकली नाही, तो विषय वेगळा.) मग हा उपद्व्याप कामून, असं विचाराल. शेवटपर्यंत वाचा, मग विचारा.

तर झालं असं. औरंगाबादला, तेव्हा तेच नाव होतं, पत्रकारितेचा डिप्लोमा करताना माझा रूम पार्टनर जालना जिल्ह्यातला होता. घराणं तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, वडील शाळेत गुरुजी, घरची आठ एकर जमीन. तो पुढे पत्रकारिता सोडून विम्याच्या धंद्यात गेला, मी इथंच राहिलो. शहाणा कोण ते तुम्ही ठरवा. पण येणं-जाणं राहिलं. त्याच्या आईच्या हातची वांग्याची भाजी मी माझ्या मावशीकडं खाल्ली नसेल इतकी खाल्लीय.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला तो तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्या रानात सोयाबीन उभ्या जागी कुजलं, तसं तिकडंही कुजलं. मित्राचा धाकटा भाऊ शेती करायचा. बांध वाहून गेला, विहिरीत गाळ भरला, वरची माती गेली. सोसायटीचं कर्ज होतं, बाहेरचंही होतं. दिवाळीनंतर तो गेला. कसा, ते लिहीत नाही. वय अडतीस.

अशा बातम्या मी वीस वर्षांपासून देतोय. चार ओळींची बातमी असते. नाव, वय, गाव, ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’, आणि शेवटी ‘पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे.’ आता तर हात आपोआप टाईप करतात. या वेळी ती बातमी माझ्या जिल्ह्याची नव्हती, मला द्यायची नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिकडच्या पानावर वाचली आणि ‘कंटाळून’ हा शब्द आपण आजवर किती जणांच्या नावापुढं चिकटवला, ते आठवत बसलो.

पुढच्या रविवारी गाडी काढली. औंढा, जिंतूर, मंठा करत सकाळी त्यांच्याकडं पोचलो. घरचे सगळे चर्चला निघाले होते, मीही सोबत गेलो. चर्चचं नाव-गाव सांगत नाही, कारण त्यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. पाळक तरुण आहेत. घरात ही घटना घडली त्या रात्री ते पहाटेपर्यंत ओसरीवर बसून होते, असं मित्रानंच सांगितलं. अशा मरणानंतर लोक जे कुजबुजतात ते त्यांनी कुणाला कुजबुजू दिलं नाही. माणूस चांगला आहे.

उपासना सुरू झाली. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, भिंतीवर प्रोजेक्टरनं गाण्याचे शब्द. गाणी हिंदी आणि मराठी, चाली एकदम आजच्या, पोरं-पोरी मन लावून गात होती. पहिलं गाणं विजयाचं. दुसरं आनंदानं नाचण्याचं. तिसरं आशीर्वादाच्या पावसाचं. पावसाचं! तिसऱ्या रांगेत त्या भावाची बायको बसली होती. तिचा धाकटा पोरगा सहा-सात वर्षांचा, सगळे टाळ्या वाजवायलेत म्हणून तोही वाजवत होता. तिनं एकदा दोन्ही हात वर आणले आणि तसेच मांडीवर ठेवून दिले.

मी मागच्या बाकावर होतो. माझ्या शेजारी गुरुजी, म्हणजे मित्राचे वडील. वय ऐंशीच्या पुढं. सगळे उभे राहिले की तेही काठी टेकून उभे राहायचे, पण तोंड बंद. एक शब्द गायले नाहीत. मला वाटलं, पोराच्या दुःखानं.

घरी आल्यावर चहा झाला. मी म्हणालो, “गुरुजी, तुम्ही गायला नाहीत.”

“मी तिथं ती गाणी गात नाही. लई वर्षं झाली. आजच्यामुळं नाही.”

मित्र हसला आणि म्हणाला, “बाबांना मंडळीत स्तोत्रवाले गुरुजी म्हणतात. ह्यांचं म्हणणं, चर्चमध्ये दाविदाची स्तोत्रंच गावीत. बाकी काही नाही. सगळ्या मंडळीत हे एकटेच आहेत.”

मला आधी तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. आमच्या आजोबांचाही एक हट्ट होता, तो पुढं सांगतो. पण गुरुजींनी दुपारभर जे सांगितलं ते ऐकून मला काही गोष्टी नव्यानं कळल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायबलच्या जुन्या करारात स्तोत्रसंहिता नावाचं पुस्तक आहे, 150 स्तोत्रांचं. त्यातली बरीच दावीद राजाच्या नावावर, काही आसाफाच्या, काही कोरहाच्या वंशजांच्या, एक मोशेच्या नावावर. दोन कडव्यांचंही स्तोत्र आहे आणि 176 कडव्यांचंही. यहुदी लोक ही गायचे, येशूही गायला. वल्हांडणाच्या जेवणाच्या वेळी यहुदी 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणत, त्यातली शेवटची जेवणानंतर. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन बाहेर पडले असं शुभवर्तमानात आहे, ते हेच असणार असं अभ्यासक मानतात.

सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली तेव्हा जिनिव्हात कॅल्विननं ठरवलं की मंडळीनं देवाचेच शब्द देवासमोर गायचे. क्लेमाँ मारो आणि बेझ यांनी स्तोत्रं फ्रेंच छंदात बसवली, 1562 पर्यंत सगळी 150 पूर्ण झाली. स्कॉटलंडनं 1650 मध्ये आपली पद्य स्तोत्रं छापली. अमेरिकेत इंग्रजी वसाहतींमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक कोणतं? 1640 मधलं स्तोत्रांचंच. यामागचं सूत्र गुरुजींनी मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. देवानं जे मना केलं नाही ते चालतं, असं नाही. उपासनेत देवानं जे सांगितलं तेवढंच चालतं. लेवीय पुस्तकात नादाब आणि अबीहू या याजकांनी न सांगितलेला अग्नी वेदीपुढं नेला, त्याचं काय झालं ते वाच म्हणाले. मग पौलाच्या पत्रांत ‘स्तोत्रं, गीतं, आध्यात्मिक गायनं’ असे तीन शब्द का, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं. जुन्या ग्रीक भाषांतरात स्तोत्रांच्या शीर्षकांत हे तिन्ही शब्द येतात, म्हणजे तिन्ही स्तोत्रांचीच नावं.

इथपर्यंत मला तो पोथीतला वाद वाटला. खरं सांगायचं तर चहा गार होत होता आणि माझं लक्ष ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या वहिनींकडं होतं.

मग माझ्या लक्षात एक गंमत आली. मी गुरुजींना पकडलं. म्हटलं, “तुम्ही तर मघाशी अंगणात काहीतरी गुणगुणत होता. ते रेव्हरंड टिळकांचं भजन होतं ना?”

“होतं की,” म्हणाले. “टिळक मला पाठ आहेत. तुला काय वाटलं, मी टिळकांचा शत्रू आहे?”

नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाईंचे टिळक, ‘स्मृतिचित्रे’मधले. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, 1919 ला वारले. आपण तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडात मराठी भजन, अभंग, ओवी बसवली ती मुख्यतः त्यांनी, कृष्णराव सांगळे यांनी आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींनी. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही गायली जातात. आणि गुरुजी ती घरी, शेतात, एसटीत, कुठंही गातात. फक्त रविवारी मंडळीत नाही.

“का?” मी विचारलं.

त्यावर ते जे म्हणाले ते मी वहीत लिहून घेतलं, पत्रकाराची सवय. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा. घरी तू काहीही गा, तुझा तू मालक. पण रविवारी सगळी मंडळी उभी राहते आणि एका तोंडानं बोलते. तिथं ज्याला ते शब्द पटत नाहीत त्यानं काय करायचं? प्रवचन पटलं नाही तर मनात नाही म्हणता येतं. गाणं तर माझ्याच तोंडातून निघतं. मग माझ्या तोंडात शब्द घालायचा अधिकार कुणाला? पाळकाला? कीबोर्डवाल्या पोराला? हैदराबादहून, मुंबईहून, परदेशातून गाणी पाठवणाऱ्याला? कुणालाच नाही. तो एकाच ठिकाणी आहे, आणि त्या ठिकाणच्या शब्दांत माझी आवडनिवड चालत नाही, पाळकाचीही चालत नाही. तिथं आम्ही सारखे.

मित्रांनो, मी सार्वजनिक गोष्टींवर लिहितो. गावात सप्ताह असला की कोणाचा फोटो कमानीवर लागला, कीर्तनाच्या मध्येच कोणत्या नेत्याचा सत्कार झाला, गणपतीपुढं कोणत्या गाण्यावर डीजे लागला, हे लिहून मी बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. पण सगळ्यांच्या तोंडात शब्द कोण घालतं, हा प्रश्न इतका सरळ मला कुणी विचारला नव्हता. आणि ज्यानं विचारला तो माणूस आठवड्यापूर्वी पोटचा पोरगा पुरून आलेला होता.

आता आजोबांचा हट्ट. आमच्या घरी संध्याकाळी हरिपाठ व्हायचा. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, जनाबाई, चोखोबा यांच्याशिवाय आजोबा काही म्हणू द्यायचे नाहीत. एकदा आमच्या चुलत्यानं स्वतः रचलेला अभंग भजनात म्हटला. चांगला होता, यमकं जुळलेली. आजोबांनी टाळ खाली ठेवले. “तुझा अभंग आसन, पण इथं संतांचंच.” वारकरी कीर्तनात आजही कीर्तनकार निरूपणाला संतांचाच अभंग घेतो, प्रमाणही संतांचंच देतो. स्वतःची कविता घेऊन उभा राहिला तर म्हाताऱ्या बाया उठून जातील. म्हणजे गुरुजींचं म्हणणं आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

अजून जवळचं उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आणि शिखांच्या रहत मर्यादेत नियम आहे की संगतीत कीर्तन करायचं ते गुरबाणीचं, आणि तिच्या विवरणासाठी भाई गुरदास व भाई नंदलाल यांच्या रचनांचं. बस. कितीही मोठा कवी असो, त्याचं गीत तिथं नाही. म्हणजे आपल्या मातीतला नामदेव त्या मोजक्या यादीत आत आहे म्हणून आपल्याला अभिमान वाटतो. पण यादी मोजकी आहे म्हणूनच त्या आत असण्याला किंमत आहे ना?

उलटी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली. औंढ्याला नामदेव कीर्तन करायला उभे राहिले तेव्हा त्यांना पुढून हटवलं, ते देवळाच्या मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं, ही कथा आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे देवासमोर काय आणि कुणी गायचं हे ज्यांनी ठरवून टाकलं होतं त्यांच्याकडं देवानंच पाठ केली. हे मी गुरुजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तुझा नामदेव मागच्या दारी होता तेव्हा नवा होता. आज तोच प्रमाण आहे. हे कोडं मलाही सुटलेलं नाही.” खरं बोलणारा माणूस आहे.

मी अजून दोन मुद्दे काढले. एक तर स्तोत्रंच वारंवार सांगतात की परमेश्वराला नवं गीत गा. मग नवं बंद कसं? दुसरा मुद्दा भाषेचा. दाविदाचे शब्द हिब्रू. मराठी बायबलातली स्तोत्रं गद्यात. गायची तर कुणीतरी छंदात बसवायला पाहिजेत. बसवताना शब्द मागेपुढे होणार, एखादा गळणार, एखादा घुसणार. मग तो माणसाचाच शब्द झाला ना! स्कॉटिश लोकांची स्तोत्रं आठ-सहा, आठ-सहा अक्षरांत चालतात. आपला मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार. तिकडची चाल इकडं आणली की मराठी शब्द लंगडतो, कुठंही आघात येतो. टिळकांना यश आलं ते त्यांनी परक्या साच्यात मराठी कोंबली नाही म्हणून.

यात आपल्या मराठवाड्याचाही एक धागा आहे. स्कॉटलंडमध्ये 1843 मध्ये चर्च फुटून फ्री चर्च निघालं. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. पुढं हेच शेषाद्री त्या फ्री चर्चचे पाळक होऊन जालन्याला आले आणि निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. ज्या चर्चनं त्यांना पाठवलं ते तेव्हा आपल्या देशात उपासनेला स्तोत्रं आणि बायबलमधल्या उताऱ्यांची पद्यरूपंच गात होतं. इतर गीतांना तिथं 1870 च्या दशकात परवानगी मिळाली. पुढं 1900 ला त्या चर्चचा मोठा भाग दुसऱ्याशी एक झाला. जो लहान भाग मागं राहिला तो पुन्हा फक्त स्तोत्रांवर आला, तेही वाद्याविना, आणि शंभर वर्षं तसाच राहिला. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये एडिनबरोच्या सभेत थोड्या मतांच्या फरकानं त्यांनीही दार किलकिलं केलं. गुरुजींना ही बातमी मोबाईलवर नातवानं वाचून दाखवली होती. “त्या दिवशी मी जेवलो नाही,” म्हणाले. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक म्हातारा एडिनबरोच्या मतदानामुळं उपाशी राहतो, ही बातमी मला तेव्हा मिळायला पाहिजे होती.

पण या सगळ्या इतिहासापेक्षा मला जे लागलं ते वेगळंच होतं. गुरुजींनी बायबल उघडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, “88 वाच. मोठ्यानं नको.”

मी वाचलं. तुम्हीही कुठं मिळालं तर वाचा. माणूस देवाला रात्रंदिवस हाका मारतोय, खड्ड्यात पडलाय, मित्र दूर गेलेत. मी वाट बघत होतो की आता शेवटी देव धावून येईल, सगळं नीट होईल. नाही होत. अंधारावर ते स्तोत्र संपतं. आभार नाही, विश्वासाची घोषणा नाही, काही नाही. आणि तरी ते पवित्र पुस्तकात आहे, गाण्यासाठी दिलेलं आहे, वर गायकांसाठी सूचनाही आहे.

“आता 69.” त्यात माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे, खाली गाळ, पाय टेकायला जागा नाही. मी पुस्तक मिटलं. त्या घराच्या मागंच ते रान होतं.

150 पैकी किमान तिसरा हिस्सा तरी असा आहे. रडण्याचा, तक्रारीचा, देवाला ‘कुठवर’ म्हणून जाब विचारण्याचा. क्रुसावर येशूच्या तोंडी आलेली हाकही 22 व्या स्तोत्राची सुरुवात आहे. गुरुजी म्हणाले, “माझ्या सुनेला त्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाला एक शब्द विचारायचा होता. भिंतीवर तिचं एकही वाक्य आलं नाही. सगळी वाक्यं ज्यांचं बरं चाललंय त्यांची होती. स्तोत्रं लावली असती तर आज ना उद्या तिचं स्तोत्र आलंच असतं, कारण 150 गायची म्हटल्यावर कुणाचं टाळता येत नाही. आणि तेव्हा सगळ्या मंडळीला, सुखात असलेल्यालाही, तिचं वाक्य म्हणावं लागलं असतं.”

मी पेपरवाला, मला माझ्या धंद्याचीच उपमा सुचली. वाढदिवसाची पुरवणी काढतो ना आम्ही, पानभर शुभेच्छा, हसरे चेहरे? ती पैसे आणते, ती पाहिजेच. पण रोजचा अंक फक्त पुरवणीचा काढला आणि निधनवार्ता, पाणीटंचाई, कोर्ट, अपघात सगळं गाळलं, तर त्याला पेपर कोण म्हणेल? माणूस आपल्या आवडीनं निवडायला लागला की पहिल्यांदा गाऱ्हाणं गाळतो. हे गाणाऱ्या पोरांच्या वाईटपणानं होत नाही. रविवारी सकाळी कुणाला रडगाणं निवडावं वाटेल?

आपल्याकडं हे नाही असं नाही. आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. तुकोबांनी दुष्काळात बायको गेलेली, पोर गेलेलं पाहिलं आणि देवाशी असं भांडले की आज कुणी तसं लिहिलं तर पोलीस ठाण्यात निवेदन जाईल. पण मागच्या वर्षभरात मी ऐकलेल्या सप्ताहांतल्या कीर्तनांत ते भांडण किती आलं? विनोद लई आले, सासू-सुना आल्या, मोबाईलवाल्या पोरी आल्या. भांडणाचा अभंग आठवत नाही.

सगळंच गुरुजींचं मला पटलं असं नाही. 137 वं स्तोत्र सुंदर सुरू होतं, परदेशात बंदी होऊन गेलेले लोक नदीकाठी रडतायत. आणि शेवटी शत्रूच्या तान्ह्या लेकरांबद्दल असं काही येतं की वाचवत नाही. 109 मध्ये तर शापच शाप येतात. हे सहा वर्षांच्या पोरानं उभं राहून गायचं? गुरुजी म्हणाले, राग देवाकडं दिला म्हणजे हातात राहत नाही. असेल. पण सूड गाण्यात आला की तो हातात यायला किती वेळ लागतो, हे दंगलीच्या बातम्या केलेल्या माणसाला विचारा. ‘फक्त’ या शब्दाशी माझं जमत नाही ते इथं. टिळकांना रविवारी दाराबाहेर उभं करायला माझं मन घेत नाही. देऊळ फिरलेल्या जिल्ह्यातला माणूस आहे मी. पण ‘सगळी’ या शब्दाशी माझं जमतं. सोयीची नाही, सगळी.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “अर्धा तर आलास.”

एवढंच असतं तर पोस्ट लिहिली नसती. परवा पुन्हा तिकडं जाणं झालं. ओसरीवर बघतो तर कीबोर्डवाला पोरगा, अकरावी-बारावीतला, वही घेऊन गुरुजींपुढं बसलेला. पाळकांनी त्याला पाठवलं होतं. सुरुवातीला एक स्तोत्र गाऊ, बाकी गाणी आहेत तशी राहतील, असं ठरलंय म्हणे. गुरुजींनी सांगितलं, 69 घ्या. पोरगा त्याला अभंगाच्या चालीत बसवायला लागला होता. गुरुजी बोटांवर अक्षरं मोजत होते, सहा, सहा, सहा, चार, आणि बसलं नाही की पोराची ओळ खोडत होते. मी चिडवलं, “गुरुजी, हे आता माणसाचे शब्द व्हायलेत.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “भाषांतर आहे. गप बस. आणि तो पेटी वाजवणार आहे ते मला माहीत आहे, तेही सांगू नको.”

एक ओळ काही केल्या बसेना. गाळात पाय रुततो, ती. पोरगा म्हणाला, “गुरुजी, ही सोडून देऊ का? पुढच्या ओळीत पाणी आलंच आहे. अर्थ तोच होतो.” गुरुजी पेन्सिल घेऊन विचार करत राहिले. मलाही वाटलं, सोडली तर काय बिघडतं.

आतून वहिनींचा आवाज आला. इतका वेळ त्या ऐकतायत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

“चिखलाचं राहू द्या,” म्हणाल्या.

पोरानं ती ओळ पुन्हा लिहायला घेतली.